तुमच्या पद्धतीनं

पडद्यावर माझं तोंड होतं. दोन माणसांच्या उंचीचं. नाकावरचा घाम दिसत होता, पुढचा अर्धा तुटलेला दात दिसत होता. त्या तोंडानं म्हटलं, "व्हिक्च्युअल्स." टोंय असा आवाज झाला आणि माझ्या चेहऱ्यावर लाल फुली पडली.

हॉल हसला.

मग पडद्यावर नववीतली एक मुलगी आली. इस्त्रीचा ब्लेझर, दोन वेण्या. ती म्हणाली, "व्हिटल्स." हिरवी खूण. टाळ्या. मग परत मी. दुसरा शब्द. परत टोंय, परत फुली. असं तीन वेळा. तिसऱ्या वेळेला तर मी तोंड उघडायच्या आधीच पोरं हसायला लागली होती. ही बाई आली म्हणजे चुकणार, हे त्यांना आता कळलं होतं.

मी मागच्या दाराशी उभी होते. हातात पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, इतकं हसू आलं त्यांना. पालक हसले. शिक्षक हसले. सहावीच्या रांगेत माझी मुलगी बसली होती. तीही हसत होती, तोंडावर हात ठेवून.

मला काही वाटलं नाही. खरं सांगते. अशा वेळी जमीन दुभंगावी असं वाटतं म्हणतात. मला तसं काही झालं नाही. हात बधिर झाले होते, पण ते ट्रेच्या वजनानंही असेल. व्हिडिओ संपला, दिवे लागले, आणि मी पहिल्या रांगेपासून बाटल्या वाटायला सुरुवात केली. ते माझं काम होतं.

पाहुण्यांनी बाटली घेतली, वर बघितलं, ओळखलं.

"अरे, मावशी, तुम्हीच ना त्या? काय मस्त अ‍ॅक्टिंग केलीत."

"थँक्यू सर," मी म्हटलं. हे बरोबर म्हटलं होतं. यावर कुणी फुली मारली नाही.

मी वसईतल्या एका इंग्रजी शाळेत मावशी आहे. मावशी हे माझं नाव नाही, तो हुद्दा आहे. माझं वय चौतीस. कोऑर्डिनेटर मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, त्याही मला मावशी म्हणतात. शाळेच्या बसचे ड्रायव्हर निवृत्तीला आलेत, तेही म्हणतात. माझी स्वतःची मुलगीसुद्धा शाळेत मला मावशीच म्हणते. ते मीच ठरवलं होतं. शाळेत कामाला असलेल्या बाईच्या मुलीला फीमध्ये सवलत मिळते, म्हणून तिला तिथं घातलं, आणि पहिल्या दिवशी गेटच्या बाहेर तिला सांगितलं, "आत गेल्यावर मला आई बोलायचं नाय." तिनं विचारलं, का. मी म्हटलं, "तुज्याच भल्यासाठी." तेव्हा ते मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

माझं माहेर खाडीकाठचं. बाप मिठागरात राबायचा. मी मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकले. अक्षर चांगलं होतं म्हणून गुरुजींनी फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम मला दिलं होतं. तो मोठ्यानं वाचायचं काम मात्र दुसऱ्या मुलीचं. कारण मी पाणीला पानी म्हणायचे. आमच्याकडे सगळेच म्हणतात. "लिहितेस मोत्यासारखं, फक्त तोंड उघडू नको," गुरुजी म्हणायचे. मायेनं म्हणायचे, वर्ग मायेनं हसायचा. लिहायचं आणि गप्प बसायचं, ही सवय मला तिथूनच लागली.

इंग्रजी शाळेच्या गेटपाशीही फळा आहे. त्यावर रोज एक इंग्रजी शब्द असतो. रोजच्या बोलण्यात न येणारा, अवघड. शब्द, त्याचा उच्चार, अर्थ आणि एक वाक्य. आधी तो चित्रकलेचे सर लिहायचे. ते सोडून गेले. मी बाथरूमच्या दारावर 'नळ बंद करा' असं कागदावर लिहून चिकटवलं होतं, ते मॅडमनी बघितलं आणि फळा माझ्याकडे आला. शाळा सुटायच्या आधी मॅडम चिठ्ठी देणार, सकाळी पावणेसातला मी ती फळ्यावर उतरवणार. फळा ओल्या फडक्यानं पुसायचा. खडूचं टोक पाण्यात बुडवायचं, म्हणजे वाळल्यावर अक्षर ठसठशीत उठतं. पालक गाडीतून उतरून त्याचा फोटो काढायचे. खाली कोपऱ्यात मॅडमचं नाव लिहायचं असायचं. तेही मीच लिहायचे.

चिठ्ठ्या नंतर फेकायच्या असायच्या. मी फेकल्या नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत गेले, चार वर्षं. आम्ही सांडोरला एका वाडीच्या कडेला भाड्याच्या खोलीत राहतो. समोर केळी, दारात छोटा ओटा. संध्याकाळी मी आणि पोरगी ओट्यावर बसून त्या चिठ्ठ्या काढायचो. उच्चाराच्या खुणा म्हणजे उलटीसुलटी अक्षरं, त्या आम्हाला वाचता यायच्या नाहीत. मग पोरगी शब्द फोनमध्ये घालायची, फोन बोलायचा, आम्ही त्याच्या मागून म्हणायचो. दहा वेळा, वीस वेळा. बहुतेक वेळा तिच्या आधी माझं पाठ व्हायचं. ती चिडायची.

मला त्यात मजा यायची. एकदा ब्रॅकिश असा शब्द आला. अर्थ लिहिला होता, किंचित खारट पाणी. मी हसले. एवढा मोठा शब्द, आणि निघालं काय, तर मचूळ पाणी. आमच्या माहेरच्या विहिरीला उन्हाळ्यात तेच यायचं, त्यात डाळ शिजायची नाही. व्हिटल्स म्हणजे बरोबर बांधून घेतलेलं खाणं, शिधा. लिहिलेलं दिसतं व्हिक्च्युअल्स, म्हणायचं व्हिटल्स. मधली अक्षरं पाहुण्यासारखी नुसती बसलेली, कामाची नाहीत. बाप मिठागरावर निघाला की आई फडक्यात भाकरी, सुका जवळा आणि कांदा बांधून द्यायची. मी पोरीला सांगितलं, ते व्हिटल्स. तिनं वर्गात तेच सांगितलं, भाकरी-जवळ्यासकट. टीचर म्हणाल्या, एक्सलंट, कुणी शिकवलं? पोरगी म्हणाली, फोनवर बघितलं. मी त्या वेळी वर्गाबाहेरचा पॅसेज पुसत होते.

आता व्हिडिओची गोष्ट.

शाळेत वर्षातून एकदा वर्ड डे असतो. मुलं एकेक शब्द गळ्यात अडकवून येतात, पालक येतात, पाहुणे येतात. त्याच्या आदल्या शनिवारी मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. मॅडम वाईट नाहीत. दिवाळीला साडी देतात, मुलीच्या सवलतीच्या अर्जावर त्यांचीच शिफारस असते. म्हणाल्या, "मुलांसाठी एक छोटासा व्हिडिओ करायचाय, मावशी. तुम्ही तीन शब्द वाचायचे." निरोप आदल्या दिवशीच आला होता, म्हणून मी मुद्दाम त्यांनी दिलेलीच साडी नेसून गेले होते. मोबाइल स्टँडवर लावलेला, त्याच्याभोवती गोल दिवा. एक तरुण टीचर कागद धरून उभी होती. कागदावर पहिला शब्द व्हिटल्स.

मी म्हटलं, "व्हिटल्स."

स्वच्छ म्हटलं. फोन म्हणतो तसं.

मॅडम थांबल्या. त्यांनी तरुण टीचरकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, शाबास. म्हणतील, तुम्हाला कसं येतं? मी उत्तरही तयार ठेवलं होतं. चार वर्षं मी ह्या एका प्रश्नाची वाट बघत होते, हे मला तिथं उभं राहून कळलं.

"अरे वा, मावशी," त्या म्हणाल्या. "पण असं नको. जसं लिहिलंय तसं वाचा. तुमच्या पद्धतीनं."

मला कळलं नाही असं नाही. लगेच कळलं. त्यांना चूक हवी होती, आणि सबंध शाळेत चुकलेलं शोभेल असं तोंड माझंच होतं. ब्लेझरवाल्या मुलीचं बरोबर कुणीतरी चुकल्याशिवाय दिसणार कसं?

मी चुकले. सांगितलं म्हणून चुकले. "व्हिक्च्युअल्स." मॅडम म्हणाल्या, "अजून थोडं नॅचरल." परत म्हटलं. दुसरा शब्द एपिटमी, त्याचं मी एपिटोम केलं. तिसऱ्याला तर कुणी सांगितलं नसताना जीभ अडखळल्यासारखं केलं, डोळे मिचकावले. तरुण टीचर हसून हसून टेबलावर वाकली. "परफेक्ट," मॅडम म्हणाल्या. आणि मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण तेच खरं आहे. त्या खूश झाल्या म्हणून मला बरं वाटलं.

वर्ड डे झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी आणि पोरगी नळावर पाणी भरत होतो.

"तुला येत होता ना तो शब्द?" ती म्हणाली.

"हो."

"मग?"

"मॅडम बोलल्या, तुमच्या पद्धतीनं बोला."

"पन ती तुजी पद्धत नव्हतीच."

हंडा अर्धा भरला होता.

"मुली मला विचारत होत्या," ती म्हणाली. "तुजी आई खरंच अशी बोलते का. त्यांना सगळ्यांना म्हायतीय तू माजी आई."

म्हणजे तेही झाकलेलं नव्हतंच. मी उगाच सहा वर्षं मावशी होऊन फिरत होते.

"मग तू काय बोललीस?"

"हो बोलले."

"का?"

"व्हिडिओत तूच बोलतेस ना. नाय बोलले असते तर मीच खोटी पडले असते."

तिनं हंडा उचलला आणि घरात गेली. चिडून नाही, रडून नाही. अभ्यासातलं उत्तर द्यावं तसं उत्तर देऊन गेली. मी नळ तसाच चालू ठेवून उभी राहिले. मागची बाई म्हणाली, भरताय का सरकू?

मी कॅमेऱ्यासमोर खोटं बोलले होते. तिला ते वर्गात खरं करावं लागलं. ज्या मुलीनं माझ्याबरोबर ओट्यावर वीस वेळा तो शब्द घोकला, तिला सांगावं लागलं की माझ्या आईला तो येत नाही. हॉल हसला त्याचं मला काही वाटलं नव्हतं. ह्याचं वाटलं. पण वाटलं म्हणून मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी पावणेसातला फडकं ओलं केलं आणि फळा पुसला.

व्हिडिओ शाळेच्या पेजवर चढला. पालकांच्या ग्रुपवर फिरला. भाजी घेत होते तर एक बाई लांबून ओरडली, व्हिक्च्युअल्स मावशी, आणि जवळ येऊन माझ्याबरोबर फोटो काढला. नवरा वालीवला एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो, तिथंही कुणाच्या तरी फोनवर तो पोचला. नवरा घरी येऊन म्हणाला, "हसतील दोन दिवस नि विसरतील. जाऊ दे." त्यानं मला विचारलं नाही, तुला तो शब्द येतो का. त्याला वाटलं, येत नसणार.

तीन महिने मी फळा लिहिला. एक अक्षर चुकलं नाही. फक्त चिठ्ठ्या घरी नेणं बंद केलं. लिहून झाली की गेटजवळच्या डब्यात टाकायचे. पोरगीही डबा काढ म्हणाली नाही. आम्ही संध्याकाळी टीव्ही बघायला लागलो. जेवण करत होते, झाडत होते, पुसत होते, हसून गुड मॉर्निंग म्हणत होते. आत कुठं काही हलत नव्हतं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, तसं ते तीन महिने.

जानेवारीत मॅडमनी परत बोलावलं.

"मावशी, पार्ट टू करायचाय. पालक सारखे विचारतायत."

तोच फोन, तोच गोल दिवा, तीच तरुण टीचर. ह्या वेळी मी कामाच्याच साडीत होते, पदर खोचलेला. कागदावरचा शब्द मी ओळखला. दोन वर्षांपूर्वी फळ्यावर लिहिला होता. दिसतो चिमेरा, म्हणायचा कायमीरा. अर्थ, मनात रंगवलेली पण कधीच न घडणारी गोष्ट.

मी म्हटलं, "कायमीरा."

मॅडम हसल्या. "असं नको हो, मावशी. तुमच्या पद्धतीनं."

"हीच माजी पद्धत."

मी काही ठरवून गेले नव्हते. आवाजही चढला नव्हता. दुकानात मीठ मागावं तसा आवाज होता.

"म्हणजे?"

"म्हंजे हा शब्द मी असाच बोलते. व्हिटल्स पन बरोबर बोलते. तुमी ऐकलाय."

तरुण टीचरनं कागद खाली घेतला. मॅडमनी खुर्ची ओढली, मला बसा म्हणाल्या नाहीत, स्वतः बसल्या. "मावशी, यात इगो कशाला? तुमच्यावर कुणी हसत नाही. चुकीवर हसतात."

"ती चूक माजी नाय. ती तुमची. मी नुसती बोलून दाखवली."

"तुमच्या मुलीचा तरी विचार करा."

"तिचाच केलाय."

खडूचा डबा माझ्या कमरेच्या पिशवीत असायचा. तो काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, झाडायला नि पुसायला मला ठेवलंय, ते मी करीन. फळा आता तुमचा तुम्ही बघा. आणि तो पहिला व्हिडिओ काढून टाका. मॅडम म्हणाल्या, "त्यात काढण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "माजं तोंड हाय."

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. फळा गेला, त्या जागी छापील बोर्ड आला. मला गेटवरून काढून तिसऱ्या मजल्यावरच्या टॉयलेटना लावलं. स्नेहसंमेलनात पोरगी सूत्रसंचालन करणार होती, तिच्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव आलं. कारण कुणी सांगितलं नाही. सवलत अजून चालू आहे, पण जूनमध्ये शिफारशीवर सही करायच्या आधी मॅडमनी अर्ज आठवडाभर टेबलावर तसाच ठेवला. आम्हाला दिसेल असा ठेवला.

पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते हे, "बोलायचंच होतं तर तेव्हाच बोलायचं होतं. लोक विसरले होते. तू परत आठवन करून दिलीस." तिचं खरं आहे. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पहिल्या शनिवारी, तीच साडी नेसून. मी तिची समजूत घातली नाही. एवढंच म्हटलं की आता गेटच्या आत मला आई म्हणायचं. पहिल्या दिवशी जे सांगितलं ते चुकीचं होतं, माझं चुकलं. तिनं ऐकून घेतलं. अजून एकदाही तशी हाक मारलेली नाही. जिन्यात समोरासमोर आलो की ती खाली बघते. सहा वर्षं मी शिकवलंय, एका सांगण्यानं कसं जाईल?

व्हिडिओ अजून आहे. टॉयलेट पुसताना आतून पोरींचा आवाज येतो, टोंय.

म्हणून फेब्रुवारीत मी अर्ज लिहिला. मराठीत, माझ्या चांगल्या अक्षरात, दोन प्रती. एवढाच मजकूर: "वर्ड डेच्या व्हिडिओतील तीनही शब्द मला येतात. त्यातील पहिला मी आधी बरोबर उच्चारला होता. मला ते चुकीचे उच्चारण्यास सांगण्यात आले. सदर व्हिडिओ काढून टाकावा आणि हे कारण मुलांना प्रार्थनेच्या वेळी सांगावे." खाली माझं पूर्ण नाव. मावशी नाही.

ऑफिसातले क्लार्क काका अर्ज घेईनात. म्हणाले, "कशाला वाढवता?" मी म्हटलं, घ्या किंवा घेत नाही असं ह्याच कागदावर लिहून द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आवकचा शिक्का काढला, दुसऱ्या प्रतीवर मारला आणि ती मला परत दिली. मार्चच्या पहिल्या सोमवारी दुसरा अर्ज. एप्रिलला तिसरा. मे महिन्यात शाळेला सुट्टी होती, ऑफिस उघडं होतं, चौथा दिला. जूनला सवलतीचा अर्ज टेबलावर लोळत होता, त्याच आठवड्यात पाचवा दिला. मजकूर तोच. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. उत्तर एकाचंही नाही.

नवरा म्हणतो, काढून टाकतील तुला. टाकतील कदाचित. मग मी गेटच्या बाहेरून अर्ज देईन, पोस्टानं देईन. पोरगी उद्या म्हणाली की मला ही शाळा नको, तर तिला दुसरीकडं घालीन. तरी अर्ज इथंच येत राहील. मला माफी नको, फळा नको, शाबासकी तर आता नकोच. बिस्किटांचा डबा मी परत खाली काढलाय. चिठ्ठ्या वर्षवार लावल्यात. आवकच्या शिक्क्याच्या प्रतीही त्यातच ठेवते.

सहावा अर्ज लिहून झालाय. सोमवारी देणार आहे. माझं तोंड त्या पडद्यावर आहे, आणि ते परत घेतल्याशिवाय मी थांबणार नाही.